दुकान कोणाचं आणि चालवणार कोण?

आजचा विषय आहे, घरचा धंदा पुढच्या पिढीकडे कसा सोपवायचा. आपल्याकडे ही चर्चा बहुतेक वेळा एका वाक्यात संपते: ‘मुलगा आहे ना, तो बघेल.’ या वाक्यात आपण दोन प्रश्नांची गाठ मारतो. मालकी कोणाची? आणि गल्ल्यावर बसणार कोण?

जपानमधली काही घराणी रक्तापेक्षा घराण्याचं नाव टिकवण्याला महत्त्व देतात. कर्तबगार जावयाला घरात घेऊन आडनाव देतात. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे सुझुकी. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये विणकामाच्या मागांचा कारखाना काढला. मारुतीमुळे आपल्याला माहीत झालेले ओसामू सुझुकी हे मूळचे मात्सुदा. त्यांनी संस्थापकांच्या नातीशी लग्न केलं, आडनाव घेतलं आणि १९७८ मध्ये कंपनीची सूत्रं हाती घेतली.

आपल्याकडे असा जावई चालणार नाही, हे मान्य. पण चालवणारा कोण हे पारखून ठरवायचं, एवढं तर आपल्याला घेता येईल?

समजा, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. थोरला पंधरा वर्षं दुकानात राबतोय, पण त्याला पगार नाही. का, तर ‘घरचंच आहे’. धाकटा नोकरीला, मुलगी सासरी. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत आई आणि तिन्ही मुलं सारखेच वारस. थोरला म्हणतो, कष्ट माझे. बाकीचे म्हणतात, बाप आमचाही. गंमत म्हणजे कुणाचंच चुकत नाही. पण वाटण्या करायला दुकान विकावं लागतं.

भागीदारीतही तेच. १९३२ च्या कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म विसर्जित होते.

मग करायचं काय? जो काम करतो त्याला दरमहा पगार, आणि तो वहीत लिहिलेला. मालकी असेल त्याला नफ्यातला हिस्सा, मग तो दुकानात येवो न येवो. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या हिशोबानं आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे आधीच ठरवायचं. मृत्युपत्र आणि भागीदारीपत्र, दोन्ही थोरल्यांच्या हयातीत, सगळ्यांना समोर बसवून. मुलीलाही.

हे बोलणं जड जातं, खरंय. पण वडील समोर असताना त्यांना विचारता तरी येतं. नंतर वकिलाला विचारावं लागतं.