शनीची कडी: वितळत नाहीत, पण घटतात

‘2025 मध्ये शनीची कडी नाहीशी होणार’ ही बातमी बरेच दिवस फिरत होती. कडी आहेत तिथेच आहेत. 23 मार्च 2025 रोजी पृथ्वी नेमकी त्यांच्या पातळीत आली आणि आपल्यासमोर फक्त त्यांची धार आली. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. ती इतक्या लांबून दिसणार कशी? त्यात शनी तेव्हा सूर्याच्या इतका जवळ होता की दुर्बीणवाल्यांचाही विरसच झाला. असा योग आता 2038 मध्ये.

कडं म्हणजे सलग चकती, हा समज जुना. सलग कडं टिकूच शकत नाही, हे मॅक्सवेलने 1859 मध्ये गणिताने दाखवलं. 1895 मध्ये कीलरने वर्णपटावरून आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरतो हे मोजलं आणि विषय संपला. बारीक कणांपासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत असंख्य सुटे तुकडे, बहुतांशी पाण्याचा बर्फ.

मग प्रश्न येतोच: बर्फ आहे, ऊन आहे, तरी पाणी कसं होत नाही? शून्य अंशाला बर्फ वितळतो हे आपण शाळेत पाठ करतो, त्यातली ‘हवेच्या नेहमीच्या दाबाला’ ही अट मात्र विसरतो. दाब सुमारे 611 पास्कलच्या, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या 165व्या हिश्शाच्या खाली गेला की द्रवरूप पाणी टिकत नाही. अवकाशात दाब जवळपास नाहीच. तिथे बर्फाला ऊब मिळाली तर कपाटातल्या डांबराच्या गोळीसारखी त्याची थेट वाफ होते. हे संप्लवन. पण तेही कड्यांत नगण्यच, कारण शनीपाशी पोचणारं ऊन आपल्याकडच्या सुमारे एक टक्का आणि कड्यांचं तापमान उणे 160 अंशांच्याही खाली. बर्फाळ धूमकेतू मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान आला की त्यातल्या बर्फाची जोमाने वाफ होऊ लागते. कडी तिथे आणून ठेवली तर त्यांचंही तेच होईल. थेंब एकही पडणार नाही.

  

म्हणून शनीची कडी अक्षय आहेत असं मात्र समजू नये. सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने बर्फाचे बारीक कण विद्युतभारित होतात आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून घरंगळत ग्रहाच्या वातावरणात पडतात. 2018 मधल्या अभ्यासानुसार हा ‘कड्यांचा पाऊस’ सेकंदाला 432 ते 2,870 किलो. कॅसिनी यानाने 2017 मध्ये घेतलेल्या मापांवरून कड्यांचं सगळं वस्तुमान मायमस या छोट्या चंद्राच्या साधारण 40 टक्के भरतं. एवढा साठा या पावसाने सुमारे 30 कोटी वर्षांत संपेल. विषुववृत्तावर थेट पडणारा मालही धरला, तर मुदत 10 कोटींच्याही आत येते.