बंद कारखान्यातील चित्रभूमी

चित्रपटाची कथा कोठे घडते हे लेखक कागदावर ठरवतो. ती प्रत्यक्षात कोठे चित्रित करावयाची हा प्रश्न मात्र निर्मात्यापुढे उभा राहतो. ज्याच्यापाशी पैसा आहे तो स्टुडिओत हवे ते उभारू शकतो. कारखान्याचे धुराडे, गंजलेले यंत्र, पडक्या भिंती हे सर्व लाकूड, प्लायवूड आणि रंग यांच्या साहाय्याने निर्माण करता येते. परंतु तुटपुंज्या भांडवलावर चित्रपट काढणाऱ्यास हा मार्ग खुला नसतो. त्याला काळाने स्वतः उभारलेला देखावा शोधावा लागतो. बंद पडलेला कारखाना हा अशा देखाव्यांपैकी सर्वांत समृद्ध होय, आणि सर्वांत फसवाही.

या मार्गाचा अवलंब जगभर झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात रोमचे मोठे स्टुडिओ निकामी झाले, तेव्हा रॉबेर्तो रोसेलिनी याने ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) या चित्रपटातील अनेक दृश्ये युद्धाने विद्रूप झालेल्या त्याच शहरात टिपली. स्टॅन्ली कुब्रिकपाशी पैशाची वाण नव्हती, तरीही ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) मधील व्हिएतनामचे ह्यू शहर त्याने लंडनमधील बेक्टन येथील बंद गॅस-कारखान्यात उभे केले. इमारती पाडण्यासाठीच ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्या उडवून देण्यासही आडकाठी नव्हती. ताडाची झाडे तेवढी बाहेरून आणावी लागली. पडक्या वास्तूला तिच्या स्वतःच्या नावाने वावरावे लागत नाही. योग्य कोनातून पाहिल्यास ती दुसऱ्याच देशाचे रूप घेऊ शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

मुंबईच्या गिरण्या

भारतात या विषयाचा विचार करताना प्रथम मुंबईच्या कापड गिरण्या डोळ्यांपुढे येतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या गिरणीत १८५६ साली ताडदेव येथे काम सुरू झाले. पुढील शतकभरात लालबाग, परळ, वरळी, भायखळा, शिवडी हा सारा परिसर ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. ज्या आवारात भोंग्याच्या इशाऱ्यावर तीन पाळ्यांतून माणसांचे लोंढे आत-बाहेर करीत, तेथे पिंपळ उगवले.

कुलाब्याच्या समुद्रकाठची मुकेश मिल ही त्यांतलीच एक. गिरणगावापासून दूर, शहराच्या दक्षिण टोकाशी असलेली ही दगडी गिरणी बंद पडल्यानंतर चित्रपटसृष्टीच्या उपयोगी पडली. ‘हम’ (१९९१) मधील ‘जुम्मा चुम्मा’ हे गाजलेले गाणे येथे चित्रित झाले. पुढे अनेक वर्षे चित्रपट, जाहिराती आणि गाण्यांच्या चित्रफिती यांसाठी या आवाराचा उपयोग होत राहिला. अंधार पडल्यावर येथे काम करू नये, वास्तू झपाटलेली आहे, अशा वदंताही पसरल्या. वदंता बाजूस ठेवल्या, तरी दिग्दर्शकांना या जागेची ओढ का वाटावी हे समजणे कठीण नाही. एका बाजूस समुद्र, मधोमध मोकळे पटांगण, भोवती छप्पर उडालेल्या भिंती, कमानी आणि जिने. एकाच फाटकाच्या आत गोदी, तुरुंग, गल्ली आणि गुंडाचा अड्डा अशी चार ठिकाणे सापडत होती.

अल्प खर्चाचे खरे गणित

येथेच काटकसरीचे मर्म आहे. जागेचे भाडे हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. चित्रपथक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवावयाचे म्हणजे दिवे, केबल, ट्रॉली, कपडेपट, जेवणाची भांडी आणि पन्नास-साठ माणसे हलवावयाची. त्यात अर्धा दिवस सहज जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे वेतन व यंत्रांचे भाडे चुकत नाही. म्हणून अनुभवी व्यवस्थापक जागा पाहावयास जातो तो पटकथेतील स्थळांची यादी हाती घेऊन. बॉयलरघर कोठडी होऊ शकेल काय, टाइमकीपरची खोली पोलीस ठाणे म्हणून चालेल काय, कापसाचे गोदाम इस्पितळाचा कक्ष वाटेल काय, अशी तो एकेका ओळीपुढे खूण करीत जातो. पाच खुणा पटणारी महाग जागा एकच खूण पटणाऱ्या फुकट जागेपेक्षा स्वस्त पडते.

दुसरी बाब प्रकाशाची. जुन्या गिरण्यांच्या मागखात्यांवर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असे. दात्यांची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. विणकराला सूत तुटलेले स्पष्ट दिसावे, पण ऊन थेट मागावर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. उत्तरेच्या आकाशाचा हा प्रकाश सौम्य आणि बराच काळ एकसारखा राहतो. विणकराची ही सोय छायालेखकाच्याही कामी येते. सकाळी अर्धे टिपलेले दृश्य दुपारी पूर्ण केले, तरी सावल्यांत फारसा फरक पडत नाही आणि दिव्यांचा खर्च वाचतो. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. त्या काळात कवडसे आत येऊ शकतात. परंतु तो बहुतांशी पावसाळ्याचाच काळ असल्याने, आणि गळक्या छपराखाली तेव्हा चित्रीकरण अशक्यप्राय असल्याने, ही अडचण क्वचितच जाणवते.

तिसरी बाब ध्वनीची, आणि बहुधा हीच दुर्लक्षिली जाते. रिकाम्या खात्यात टाळी वाजवून पाहावी. दगडी भिंती, फरसबंद जमीन आणि लोखंडी खांब यांवर आदळून ती कितीतरी वेळ घुमत राहते. संवाद नंतर ध्वनिमुद्रणशाळेत भरावयाचे असतील तर याने बिघडत नाही. प्रत्यक्ष जागेवरच ते मुद्रित करावयाचे असतील तर गोधड्या आणि जाड पडदे टांगून हा घुमारा मारावा लागतो. कबुतरांचा फडफडाट, शेजारून जाणारी लोकल, पलीकडच्या बांधकामावरील हातोडे यांवर कोणताही पडदा चालत नाही. म्हणून जागा किमान तीन वेळा पाहावी: सकाळी, भर दुपारी आणि रात्री; त्यांपैकी एकदा तरी डोळे मिटून.

परवानगीची वाट

बंद फाटकामागे मालक नसतो, असा एक गोड गैरसमज आहे. मालक नेहमीच असतो. किंबहुना एकाहून अधिक असतात. काही गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या, काही खाजगी राहिल्या. दिवाळे निघालेल्या कंपनीची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या परिसमापकाच्या ताब्यात असते, गहाण मालमत्तेवर बँकेचा हक्क असतो. दारावरच्या रखवालदाराच्या हाती चार नोटा ठेवून मिळालेली परवानगी ही परवानगी नव्हे. चित्रीकरण अर्ध्यावर थांबवले गेल्यास गेलेले पैसे परत येत नाहीत. शिवाय अशा ठिकाणी अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. म्हणून प्रथम मालकाचे लेखी संमतिपत्र, मग पोलीस, महानगरपालिका व अग्निशमन दल यांच्या अनुज्ञा, हा क्रम पाळावा. महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या शासकीय महामंडळामार्फत एक खिडकी योजनाही राबवली गेली आहे.

धोका

पडकी वास्तू छायाचित्रात सुंदर दिसते. तिच्यात बारा तास वावरणे ही वेगळी गोष्ट आहे. लाकडी तक्तपोशी वरून धड दिसते आणि आतून वाळवीने पोखरलेली असते. वर्षानुवर्षे तेल प्यालेल्या जमिनीला एका ठिणगीने आग लागू शकते. झाडोऱ्याखाली उघड्या टाक्या दडलेल्या असतात. छपराच्या जुन्या पत्र्यांत आणि बॉयलरच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ते फोडल्यास वा खरवडल्यास त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि त्यांचे दुष्परिणाम दिसून येण्यास कित्येक वर्षे लागतात. आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’ (१९७९) या चित्रपटाचा बराच भाग एस्टोनियातील तालिनजवळच्या ओसाड वीजकेंद्राच्या परिसरात चित्रित झाला. नदीच्या वरच्या अंगास रासायनिक कारखाना होता. पथकातील काहींना पुढे जडलेल्या प्राणघातक आजारांचे मूळ त्या प्रदूषित पाण्यात असावे, असे ध्वनिमुद्रक व्लादिमीर शारून यांनी नंतर म्हटले. हा संबंध सिद्ध झालेला नाही. परंतु पाणी कोठून येते हे आधी विचारण्यास पैसा पडत नाही.

धोका केवळ वास्तूचाच नसतो. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मी येथील बंद शक्ती मिलच्या आवारात कामानिमित्त छायाचित्रे घेण्यासाठी गेलेल्या एका तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्यासोबत एक सहकारीही होता. शहराच्या ऐन मध्यभागी असलेली, पण दिवाबत्ती, पहारा आणि वर्दळ यांपासून तुटलेली जागा किती असुरक्षित असू शकते, हे या घटनेने सर्वांपुढे आणले. जागेच्या पाहणीस दोघा-तिघांनी जाणे पुरेसे नाही. मालकाचा माणूस बरोबर असावा, स्थानिक पोलिसांना पूर्वसूचना असावी, दिवस मावळण्यापूर्वी बाहेर पडावे. ही दक्षता घेण्याइतका पैसा ज्याच्यापाशी नाही, त्याने ती जागा सोडून द्यावी हेच श्रेयस्कर.

लहान जागेचा शोध

गिरणगावातील जागाही आता फारशा उरल्या नाहीत. गिरण्यांच्या जमिनीसंबंधीचे नियम १९९१ मध्ये झाले, २००१ मध्ये ते बदलले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. करवती छपरांच्या जागी मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहिली. परंतु लहान चित्रपटाला प्रचंड गिरणीची गरज असतेच असे नाही. कावेरीच्या खोऱ्यात कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) यांनी ते विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि ‘शहाजीराजपुरम्’ या नावानेही ते ओळखले जाऊ लागले. अशा भातशेतीच्या मुलखात जागा शोधणाऱ्याने कापडगिरणी नव्हे, तर जुनी भातगिरणी शोधावी. भात भिजवण्याच्या टाक्या, ते वाफवण्याचे बॉयलर, धुराडे आणि उन्हात वाळवण्याचे विस्तीर्ण खळे, एवढ्या सामग्रीत एका छोट्या कथेचे सर्व प्रसंग बसू शकतात. मुलूख बदलला की उद्योग बदलतो: कोकणात कौलांचे कारखाने, कोल्हापूरकडे गुऱ्हाळे, खानदेशात सरकीच्या गिरण्या. प्रत्येक पिकाने आपापला कारखाना मागे ठेवलेला असतो.

शेवटी एक गोष्ट विसरून चालणार नाही. चित्रपथकाला जो देखावा वाटतो तो कोणाचा तरी गेलेला रोजगार असतो. फाटकाबाहेर चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्याला साचे कोठे होते, कोणत्या भिंतीखाली टाकी आहे, कोणता जिना बंद पडण्यापूर्वीच मोडका होता, हे सर्व ठाऊक असते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटात संपानंतर उद्ध्वस्त झालेले असेच एक कामगार कुटुंब दिसते. त्या म्हाताऱ्याला विचारून, त्याला दिवसाची मजुरी देऊन वाटाड्या म्हणून बरोबर घेणारा निर्माता दोन गोष्टी एकाच वेळी साधतो. पथक धोक्याच्या जागा टाळू शकते, आणि कॅमेऱ्यापुढील भिंती आपल्यासाठी नव्हे तर कामासाठी उभारलेल्या होत्या, याची त्याला जाणीव राहते. ती जाणीव पडद्यावर कोठे ना कोठे उतरल्यावाचून राहत नाही.