चाळीस टक्क्यांत साखर कुठे आहे?

(मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोन ठिकाणी आकडे चुकले होते, ते इथे दुरुस्त केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. "कोल्ड्रिंकवर चाळीस टक्के टॅक्स लावला हे बरं झालं. पण लोकांनी स्वतः पण समजून खायला नको का? गरीब असला म्हणून काय झालं, जीभ तर स्वतःची आहे ना." मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, याच्यावर भागच करू. कारण खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं.

पप्पा वाळूजला ठेकेदारामार्फत फिटर आहेत. आम्ही राहतो पडेगावला, शिफ्टच्या गाडीने जाणं-येणं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासली तर ९.२ निघाली. मी बीटेक झालेलो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, मग काय, लगेच एक्सेल शीट तयार! काय खाल्लं, किती खाल्लं, रोज भरायचं. चार दिवसांनी शीट रिकामी. मी म्हणालो, "पप्पा, तुम्ही मनावर घेतलं तर होईल, नाहीतर कोणी काही करू शकत नाही." ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "अरे, कंपनीत चहा थर्मासमधून येतो. साखर त्यात आधीच पडलेली असते. ती काय मी गाळून काढू?"

आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. ज्याने सिस्टिम बनवली त्याने आधीच एक व्हॅल्यू भरून ठेवलेली असते आणि बहुतेक लोक ती बदलत नाहीत. इथे तर बदलायचं बटणच नव्हतं.

आता टॅक्सकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं की २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवरचा कर वाढला. तसं नाहीये. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून यावर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के सेस होता. बेरीज करा, चाळीसच. नव्या रचनेत सेस गेला आणि सरळ ४० टक्के लिहिलं. दहा रुपयाची बाटली दहालाच राहिली. त्या दहातले साधारण २ रुपये ८६ पैसे कर आहे, आणि तरीही २०० मिलीची बाटली दहा रुपयाला विकायला कंपन्यांना परवडतं.

पण मला खटकलं ते वेगळंच. नियमाची भाषा बघा: साखर किंवा इतर गोडी आणणारा पदार्थ घातलेली, किंवा स्वाद घातलेली पेयं. म्हणजे एक ग्रॅमही साखर नसलेल्या डाएट कोल्ड्रिंकलाही ४० टक्के. आणि फळांच्या रसाची, गॅस नसलेली जी पेयं आहेत, त्यांचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आता आंब्याच्या तयार पेयाचं पाकीट उलटं करून वाचा. त्यातली साखर कोल्यापेक्षा कमी नसते, बऱ्याचदा जास्तच भरते. बिस्किटं १८ वरून ५. चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून ५. खुद्द साखर आधीपासून ५ टक्क्यांतच आहे.

म्हणजे या फंक्शनला साखर नावाचा पॅरामीटरच नाही राव. बुडबुडे आहेत का, एवढंच ते विचारतंय. याला साखरेवरचा कर म्हणणं मला पटत नाही. ही चैनीची वस्तू आहे असं कधीतरी ठरलं, तोच शिक्का पुढे चालू आहे.

ब्रिटनने काय केलं ते बघण्यासारखं आहे. मार्च २०१६ मध्ये घोषणा केली, एप्रिल २०१८ मध्ये लागू केलं. मधली दोन वर्षं कंपन्यांना दिली. नियम सोपा: १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य. सुरुवातीचे दर असे होते: ५ ते ८ ग्रॅम असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ किंवा जास्त असेल तर २४ पेन्स. बऱ्याच कंपन्यांनी कर लागू व्हायच्या आधीच साखर कमी करून टाकली. गिऱ्हाईक तेच, बाटली तीच, आत साखर कमी. कोणालाही मनावर घ्यावं लागलं नाही. दक्षिण आफ्रिकेनेही २०१८ मध्ये असंच केलं, तिथे १०० मिलीला ४ ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमवर कर लागतो.

मेक्सिकोचा मार्ग वेगळा. २०१४ मध्ये लिटरला एक पेसो लावला, साखर कमी असो की जास्त. पहिल्या वर्षात अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, आणि सगळ्यात गरीब घरांमध्ये ९ टक्क्यांनी. याचे दोन अर्थ लावतात लोक. एक म्हणजे गरिबाचा फायदा जास्त झाला, कारण आजारपणाचा खर्च त्यालाच मोडतो. दुसरा म्हणजे गरिबाच्याच हातून एक स्वस्त सुख काढून घेतलं, श्रीमंताला फरक पडला नाही. मला दोन्ही खरे वाटतात. मग प्रश्न उरतो की काढून घेतल्यावर त्या जागी ठेवलं काय?

इथे आपल्याकडे गंमत आहे. अंत्योदय कार्डावर, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला, महिन्याला एक किलो साखर स्वस्तात मिळते. त्यासाठी केंद्र राज्यांना किलोमागे १८ रुपये ५० पैसे अनुदान देतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना आणखी दोन वर्षांसाठी वाढवली. २०२२ च्या दिवाळीतला 'आनंदाचा शिधा' आठवतोय? शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. आईने ती पिशवी आणली तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. शिवाय कारखान्याने साखर ३१ रुपये किलोच्या खाली विकू नये असा नियम २०१९ पासून आहे, कारण त्या भावावर उसाचे पैसे अवलंबून असतात. आमच्या मराठवाड्यात पाण्याचे हाल असताना ऊस का लावतात हा वेगळा भाग होईल, आज नको.

तर एका हाताने साखर स्वस्त, दुसऱ्या हाताने कोल्ड्रिंक महाग, आणि मधल्या माणसाला सांगायचं की समजून खा.

मी स्वतः एक हिशेब केला. घराजवळच्या टपरीवाल्या काकांना विचारलं, "काका, लिटरभर चहाला साखर किती टाकता?" ते म्हणाले, "शंभर ग्रॅम. कमी टाकली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं." १०० मिलीला १० ग्रॅम झाली ना ही! कोल्यातही साधारण १० ते ११ ग्रॅमच असते. फरक एवढाच की कटिंग ८० मिलीचा. पप्पांचे शिफ्टमध्ये पाच-सहा चहा व्हायचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी. २००० कॅलरी खाणाऱ्याला ती ५० ग्रॅम पडते. कोल्ड्रिंकला तर पप्पा हातही लावत नाहीत. चाळीस टक्के करा नाहीतर ऐंशी करा, माझ्या घरापर्यंत तो टॅक्स पोचतच नाही.

श्रोत्याच्या प्रश्नाकडे परत. जबाबदारी नाही असं मी म्हणत नाही. दहा रुपयात दोन केळी येतात, हे खरंय. मी पप्पांना तेच म्हणालो होतो. ते म्हणाले, "केळी असतात रे, पण रात्री अकराला गेटसमोर नसतात. तिथे बिस्किट असतं." पाण्याचंही तसंच. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेर तहान लागली तर अर्धा लिटर पाण्याला दहा रुपये आणि गोड गार बाटलीलाही दहाच. दिवसभर उन्हात काम केलेल्याने काय उचलावं? नव्या दरांत बाटलीबंद पाण्यावरचा कर १८ वरून ५ वर आला ते चांगलं झालं. पण रेल्वेच्या बाटलीत त्यातून एक रुपया कमी झाला, १५ ची १४ झाली. एवढंच.

मला विचाराल तर कर ग्रॅमवर लावा. आंब्याचं पेय, बिस्किट सगळं त्यात घ्या, आणि डाएटवाल्याला सोडा. कंपन्यांना दोन वर्षं द्या. आणि आलेल्या पैशातला काही भाग शाळेत, कामाच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर खर्च करा. सध्या तो जीएसटी अर्धा केंद्राकडे, अर्धा राज्याकडे जातो आणि सगळ्या पैशात मिसळतो.

पप्पांचं म्हणाल तर, त्यांच्या लाइनवर शुगरवाले चार जण निघाले. चौघांनी मिळून चहावाल्याला बिनसाखरेचा वेगळा थर्मास मागितला. त्याने आणला, दोन महिने नीट चाललं. मग ठेकेदाराने चहावाला बदलला आणि परत गोड. आता पप्पा घरून छोटा थर्मास नेतात, आई पहाटे भरून देते. शेवटची तपासणी ७.८ आली. शीट अजूनही रिकामीच आहे, मी विचारत नाही.

पुढच्या भागात पाकिटामागचं लेबल कसं वाचायचं ते बघू. घरातलं एखादं पाकीट फेकू नका, जवळ ठेवा.