आजी, रक्त पुन्हा घ्यावं लागेल

मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो: "तू त्या लॅबमध्ये नक्की करतेस तरी काय?" मी "रक्त तपासते" म्हणून मोकळी होते. विचारणारीला वाटतं शुगर, थायरॉइड. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. यंदा संपादक म्हणाल्या, "आता एकदा लिहूनच टाक." म्हणून हा लेख.

मी हैदराबादेत एका रुग्णालयाच्या इम्युनॉलॉजी प्रयोगशाळेत आहे. तिथे आम्ही मराठी बोलणारे दोघं-तिघंच. नांदेड, लातूर, परभणीकडचे पेशंट इथे पुष्कळ येतात, त्यामुळे समजावून सांगायची वेळ आली की माझ्या नावाने हाक येते. ही गोष्ट त्यातलीच, काही वर्षांपूर्वीची. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

नांदेडकडच्या एका खेड्यातला मुलगा, वय अकरा. तान्हा असल्यापासून अंगावर इसब, डोक्यात आणि मानेवर गळवं. गळवंही चमत्कारिक, मोठाली पण हाताला गरम न लागणारी, फारशी न ठणकणारी. तीनदा न्यूमोनिया झालेला. आणि दुधाचे दात पडत नव्हते; मागून पक्के दात येऊन दोन रांगा झाल्या होत्या. आजीला खोकल्यापेक्षा या दातांची काळजी जास्त होती. तिला वाटायचं, कुणाची तरी नजर आहे.

बालरोगतज्ज्ञांना मात्र या दातांवरूनच संशय आला. सततची गळवं, फुप्फुसाचे आजार, न पडणारे दात आणि रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं हजारोंच्या घरात, हे सगळं एकत्र दिसलं तर एका दुर्मिळ आजाराचा विचार करतात. १९६६ साली तो पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हा बायबलमधल्या, अंगभर गळवांनी पिडलेल्या जोबचं नाव त्याला दिलं. २००७ मध्ये कळलं की बहुतेक अशा रुग्णांत 'स्टॅट-३' या जनुकात बिघाड असतो, आणि लगेच पुढच्या वर्षी हेही कळलं की त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. डॉक्टरांनी आम्हाला विचारलं ते एवढंच: या मुलाच्या रक्तात त्या पेशी आहेत का?

कोविडच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला. सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना पाठवलेले प्रथिनांचे निरोप. इंटरल्यूकिन-१७ हा त्यातलाच एक. तो त्वचेला आणि फुप्फुसाच्या अस्तराला सांगतो, "जंतू आलेत, तयारी करा, पांढऱ्या पेशींना बोलवा." निरोपच गेला नाही तर गळू होतं, पण शरीर नेहमीसारखं पेटून उठत नाही. म्हणून ते गरम लागत नाही.

अडचण अशी की निरोप तयार झाला की पेशी तो लगेच बाहेर टाकते. रक्तात सगळ्यांचे निरोप एकत्र होतात आणि कोणता कुणी पाठवला हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून निरोप बाहेर पडण्याआधी, पेशीच्या पोटातच पकडावा लागतो. ही पद्धत मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना आजीबाईचा बटवाच आठवतो, आणि ते अगदी चूक नाही.

आधी पेशींना डिवचायचं. त्यासाठी पीएमए नावाचं रसायन वापरतात. ते पहिल्यांदा मिळालं जमालगोट्याच्या तेलातून. जोडीला आयनोमायसिन, ते जमिनीतल्या जिवाणूकडून आलेलं. मग ब्रेफेल्डिन घालायचं. हे बुरशीचं देणं, आणि त्याचं काम म्हणजे पेशीतली टपालकचेरी बंद पाडणं. निरोप तयार होत राहतात पण बाहेर जात नाहीत, आतच साठतात. चार-पाच तास हे सगळं शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर ठेवायचं. मग पेशी फॉर्मलडिहाइडच्या जातीच्या द्रावणाने आहे तशा थिजवायच्या आणि सॅपोनिनने त्यांच्या आवरणाला बारीक भोकं पाडायची. सॅपोनिन म्हणजे रिठ्याला फेस आणतो तो पदार्थ. आमचं बाटलीतलं दुसऱ्या झाडाचं असतं, पण जात तीच. त्याची एक खोड आहे: ते धुऊन काढलं की भोकं पुन्हा बुजतात. म्हणून पुढच्या प्रत्येक धुण्याच्या पाण्यात ते घालावं लागतं. नवशिक्या मुली हे हमखास विसरतात. मीही विसरले होते, पण ती वेगळी गोष्ट.

आता भोकांतून प्रतिपिंड आत सोडायचं. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली. इंटरल्यूकिन-१७ चं प्रतिपिंड फक्त त्यालाच चिकटतं. त्याच्या शेपटाला चमकणारा रंग बांधलेला असतो. असा रंग प्रतिपिंडाला बांधायची कल्पना १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी पहिल्यांदा करून दाखवली. एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची रीत १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली, आणि १९८४ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. आम्ही त्या दिवशी वापरलेला रंग, फायकोएरिथ्रिन, हा समुद्रातल्या तांबड्या शेवाळातला.

शेवटी फ्लो सायटोमीटर. त्यात खाऱ्या पाण्याच्या धारेच्या मधोमध पेशी एकामागे एक येतात आणि निळ्या लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंच्या संख्येने. जिच्या पोटात रंग असेल ती चमकते, आणि यंत्र तिची नोंद एका ठिपक्याने करतं. स्टॅनफर्डचे लिओनार्ड हर्झेनबर्ग सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या पेशी मोजून मोजून कंटाळले होते, म्हणून ते अशा यंत्राच्या मागे लागले. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते. आजही पेशी मोजायला बसवलं तर मला तासाभरात डोकेदुखी होते.

चमकतं ते सगळं खरं मात्र नसतं. रंग एकमेकांत मिसळतात, जसा नव्या साडीचा रंग धुताना शेजारच्या परकराला लागतो. हिरव्याचा उजेड थोडा पिवळ्याच्या खात्यात जातो, तो हिशेबाने वजा करावा लागतो. मेलेल्या पेशी तर कोणतंही प्रतिपिंड धरून बसतात. म्हणून त्यांना वेगळा रंग देऊन आधी बाजूला काढतात.

तर, मुलाचं रक्त बसने आलं. मी सगळं यथासांग केलं आणि संध्याकाळी पडद्यावर पाहिलं, तर इंटरल्यूकिन-१७ च्या चौकोनात जवळजवळ काही नाही. निरोगी माणसात मदतनीस टी-पेशींपैकी शंभरात साधारण एखादी तिथे दिसते. इथे रिकामं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मुलाच्या आजाराचा नव्हे, पण पुस्तकात पाहिलेलं चित्र आपल्या हातून उमटलं याचा. रिपोर्ट टाइप करायलाही घेतला.

आमच्या वरिष्ठ मॅडम मागून येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी इंटरल्यूकिन-१७ कडे पाहिलंच नाही. विचारलं, "इंटरफेरॉन किती आलंय?"

इंटरफेरॉन-गॅमा हा दुसरा निरोप. तो आम्ही त्याच नळीत वेगळ्या रंगाने शोधतो, आणि या आजारात तो साधारण ठीक असायला हवा. तोही अगदी कमी होता. मेलेल्या पेशीही बऱ्याच होत्या. मग मॅडमनी रक्ताचं खोकं मागवलं. आत बर्फाच्या पिशव्या.

रक्त म्हटलं की बर्फ, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. पण ज्या पेशींकडून आपल्याला काम करून घ्यायचंय, त्यांना थंडी सोसत नाही. त्या गारठून बसतात, काही मरतात. असं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला पाठवायचं असतं, आणि सोबत त्याच खोक्यात एखाद्या निरोगी माणसाचं रक्त, म्हणजे प्रवासाने काय बिघडलं ते कळतं. दोन्ही झालं नव्हतं. पाठवणाऱ्यांना दोष देता येत नव्हता, कारण नमुना कसा पाठवावा याचं माहितीपत्रक मीच केलेलं होतं आणि त्यात 'बर्फ नको' ही ओळ खाली बारीक अक्षरांत होती. शिवाय खोकं उघडून नळी घेणारीही मीच. ते रक्त मी तिथेच नाकारायला हवं होतं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "नाही दिसलं आणि नाहीये, यात फरक आहे. त्यांना परत बोलवा." बोलवायचं अर्थात मी, मराठी म्हणून.

फोन आजीने घेतला. मी म्हटलं, "आजी, रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

"मंग पह्यलं रगत कुठं गेलं ताई?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "आमच्याकडून चूक झाली," एवढंच म्हणाले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "सोयाबीन काढायला आलंय माय. माणसं मिळंनात. कामून सारखं सारखं लेकराला टोचता?" दिवाळीच्या तोंडावरचे दिवस. येण्या-जाण्याचे दोन दिवस, दोन माणसांची मजुरी, गाडीभाडं, हे सगळं माझ्या बारीक अक्षरांमुळे.

तरी आल्या त्या. आजी, सून आणि मुलगा. मुलगा रक्त घ्यायच्या खुर्चीवर बसेना. सोबत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवंच होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसले आणि बाही वर केली. "तुमचं बी काढणार?" त्याने विचारलं. "हो, आणि माझं आधी." त्याने माझी नळी भरताना नीट पाहिली, मग हात पुढे केला. हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या, एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी वर गेल्या.

या खेपेला मेलेल्या पेशी नगण्य. त्याचं इंटरफेरॉन जवळजवळ माझ्याएवढं. म्हणजे पेशी जिवंत होत्या, डिवचल्यावर उठल्या होत्या, ब्रेफेल्डिनने अडवलं होतं, भोकं पडली होती, रंग आत गेले होते. माझ्या इंटरल्यूकिन-१७ च्या पेशी शंभरात एकीपेक्षा थोड्या जास्त. त्याच्या चौकोनात पुन्हा तेच, जवळजवळ काही नाही. न डिवचलेल्या नळीत होते तेवढेच चार-दोन ठिपके.

घरी हे सांगितलं तेव्हा माझे दीर म्हणाले, "मग उत्तर तेच आलं की. उगाच त्या म्हातारीला हेलपाटा." तेच आलं हे खरं. पण पहिल्या दिवशी ते उत्तर नव्हतंच, तो बर्फाचा परिणामही असू शकला असता. पुढे एका मुलीच्या बाबतीत तसंच झालं: उन्हात तापलेलं खोकं आलं, चौकोन रिकामा, आणि ताज्या रक्तात सगळं व्यवस्थित. पहिला रिपोर्ट गेला असता तर त्या घराने जन्मभराचं दुखणं डोक्यावर घेतलं असतं.

आमची तपासणी हा अखेरचा निकाल नसतो, कारण या पेशी इतरही काही आजारांत कमी असतात. पण तिच्या आधारावर डॉक्टरांनी जनुकाची तपासणी करायला सांगितली. स्टॅट-३ मध्येच बदल सापडला. आई-वडिलांच्या रक्तात तो नव्हता, मुलातच नव्याने झालेला. डॉक्टरांचं हे वाक्य मराठीत सांगताना मी सुनेकडे पाहत होते. अकरा वर्षं घरात म्हटलं जात होतं की हे सुनेच्या माहेरून आलंय. मी आजींना पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं: कुणाकडूनच आलेलं नाही. आजी काही बोलल्या नाहीत. सुनेने पदर तोंडाला लावला.

यावर सोपा उपाय नाही. मुलाला रोज प्रतिजैविकाची गोळी चालू झाली, त्वचेची निगा कशी राखायची ते शिकवलं, ताप-खोकला अंगावर काढायचा नाही हे बजावलं. दातांसाठी दंतवैद्याकडे पाठवलं. मी माहितीपत्रक नव्याने केलं. 'बर्फ नको' आता सगळ्यात वर आहे, मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत, आणि खोक्यात दुसरी नळी नसेल तर आम्ही नमुना घेत नाही.

पुढच्या खेपेला आजी लॅबच्या दारात आल्या, मला शोधत. मुलाचे अडकलेले चार दात त्या दिवशी काढले होते. त्यांनी ते कागदाच्या पुडीत बांधून पदराच्या गाठीत ठेवले होते. "गावाकडं नेते," म्हणाल्या, "घरच्या कौलावर टाकायचेत."