पाण्यातील बाग आणि शेवाळ

काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा छंद आपल्या शहरांतून चांगलाच रुळला आहे. त्याच्याच पोटी दुसरा एक छंद जन्मास आला आहे, तो टाकीत पाणवनस्पतींची बाग फुलविण्याचा. या बागेत मासे असतात, पण पाहुण्यांसारखे. यजमानपद वनस्पतींकडे असते. शाळेच्या पुस्तकातून ओळखीचे झालेले हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया तेथे भेटतात, आणि पश्चिम घाटाच्या ओढ्यांत वाढणारी, पीळदार फुलोऱ्याची क्रिप्टोकोरीनही भेटते. पहिले काही आठवडे सारे दृष्ट लागण्यासारखे असते. पुढे एके सकाळी काचेवर हिरवी पूड दिसते, पानांच्या कडांना काळे केस फुटतात, वाळूवर निळसर हिरवा, उग्र वासाचा पापुद्रा पसरतो. शेवाळ आलेले असते.

यावर मालकाचा पहिला विचार ठरलेला असतो. शेवाळ अन्नावर वाढते, तेव्हा पाण्यातील अन्नच तोडावे! मग माशांचा चारा निम्मा होतो, खत बंद होते, रोज पाणी उपसले जाते. इतके करूनही भागले नाही तर दुकानातून ताम्रयुक्त औषध आणले जाते. त्या औषधाने शेवाळ काही काळ मरते, परंतु टाकीतील कोळंबी आणि गोगलगायीही त्याबरोबर मरतात. थोड्याच दिवसांत शेवाळ परत येते, ते आता पिवळ्या पडलेल्या वनस्पतींच्या अंगावर.

हा विचार अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. त्यांतील २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या अरुंद कमरेशी १९७३ साली पडदा टाकून त्याचे दोन भाग करण्यात आले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद अशी तिन्ही घातली. स्फुरदाचा भाग हिरव्या साईने झाकून गेला, दुसरा जवळजवळ पूर्ववत राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले, आणि स्फुरद म्हणजे शेवाळ हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

परंतु सरोवराच्या उघड्या पाण्यावर जे खरे, ते गच्च लावलेल्या टाकीत तसेच्या तसे लागू करता येत नाही. येथे त्याच अन्नाचे दोन दावेदार असतात. युरोपातील उथळ तळ्यांच्या अभ्यासात असे आढळले आहे की, पाण्यातील पोषणद्रव्ये सारखीच असूनही एक तळे वनस्पतींनी भरलेले आणि नितळ असू शकते, तर दुसरे शेवाळाने गढूळ. अन्न किती आहे याबरोबरच ते कोणाच्या तोंडी पडते, हेही पाहावे लागते.

आता या दोघांपैकी उपासमार कोणाला अधिक सोसते? शेवाळाचा जीव सूक्ष्म. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून आपल्या घरगुती तपासणीत शून्य दिसावे इतक्या अल्प अन्नावरही ते तग धरते. वनस्पतीला मूळ, खोड, पाने असा मोठा प्रपंच चालवावयाचा असतो. तेव्हा आपण अन्न तोडतो तेव्हा आधी वनस्पती खंगते, आणि खंगलेल्या पानांतून झिरपणारी द्रव्ये शेवाळालाच मिळतात.

शिवाय वनस्पतीची भूक एकाच पदार्थाची नसते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि लीबिग यांनी सर्वतोमुखी केलेला नियम असा की, पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असते. आम्हा कचेरीतल्या माणसांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. नऊ सह्या झालेली फाइल दहाव्या सहीवाचून पडून राहते, तसेच हे आहे. माशांच्या चाऱ्यातून आणि विष्ठेतून पाण्यात नत्र व स्फुरद येत राहते. पालाश, लोह आणि कर्ब मात्र पुरेसे येत नाहीत. वनस्पती पालाशासाठी अडते, आणि न वापरलेले नत्र-स्फुरद दिव्याखाली तसेच पडून राहते. अशी शिल्लक शेवाळाच्या पथ्यावर पडते.

पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोघांनी १९९६ साली हा विचार टाकीपुरता नीट मांडला. स्फुरद सोडून बाकी सारे, म्हणजे नत्र, पालाश, मॅग्नेशियम व सूक्ष्मद्रव्ये, वनस्पतींना नियमाने द्यावे, म्हणजे त्या स्फुरदाचा शेवटचा कण स्वतःच शोषून घेतील व शेवाळ उपाशी राहील, असा त्यांचा सल्ला होता. पुढे टॉम बार यांनी त्याहून धीट पाऊल टाकले. स्फुरदही द्यावे, कशाचीच उणीव पडू देऊ नये, आणि आठवड्यास निम्मे पाणी बदलून साठलेले जादा काढून टाकावे, असे त्यांचे म्हणणे. वनस्पती जोमात असतील तर स्फुरदाने शेवाळ येत नाही, हे त्यांनी स्वतः स्फुरद घालून दाखविले. दोघांत मतभेद आहे खरा. पण खत तोडू नये, पुरे करावे, यावर दोघांचेही एकमत आहे. माझा कल असा की, मासे पुष्कळ आणि प्रकाश मंद असेल तेथे पहिली रीत पुरते. दाट लागवड आणि प्रखर दिवा असेल तेथे दुसरीच धरावी.

यासाठी लागणारी द्रव्ये नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या वापरातली आहेत. ठिबकातून ते ज्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात ते पोटॅशियम नायट्रेट, आणि शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. शंभर लिटर पाण्यात पहिल्याचे एक ग्रॅम घातले की लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट व ४ मिलिग्रॅम पालाश वाढते. दुसऱ्याचे ग्रॅमाच्या दहाव्या हिश्शाने सुमारे ०.७ मिलिग्रॅम फॉस्फेट वाढते. इतके अल्प वजन काट्यावर तोलत बसू नये. दहा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले दहा मिलिलिटर घ्यावे. आठवड्यास एवढी मात्रा मध्यम प्रकाशाच्या टाकीस आरंभी पुरे आहे. जोडीला चिलेटेड सूक्ष्मद्रव्यांची चिमूट. त्यात तांबेही असते, म्हणून कोळंबी पाळणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. युरिया, डीएपी किंवा एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र टाकीजवळही आणू नये. त्यांतून अमोनिया होतो. तो माशांना विषारी आणि शेवाळास अतिप्रिय.

श्रोतेहो, खतापूर्वीही एक गोष्ट पाहावयाची असते, ती म्हणजे दिवा. सारी मागणी प्रकाश ठरवितो. दिवा जितका प्रखर, तितके अन्न अधिक लागणार, आणि त्यात प्रथम अडते ते कर्बाचे, कारण हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात कर्बवायू लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो, आणि तो पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट मंद पसरतो. ज्यांना प्रखर दिवा हवा, त्यांनी सिलिंडरमधून कर्बवायू सोडावा. लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत नेण्याचा प्रघात आहे, त्यापलीकडे मासे गुदमरू लागतात. ज्यांना हा व्याप नको, त्यांनी दिवा मंद ठेवावा, सहा ते आठ तासांत मालवावा, आणि टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर हलवावी.

पाणीही ठिकठिकाणचे वेगळे. मुंबईचे तलावांचे पाणी मृदू, त्यात मॅग्नेशियम कमी. तेथे थोडे एप्सम सॉल्ट द्यावे लागते. दिल्लीकडील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. तेथे त्याची गरज सहसा नसते.

खत सुरू केल्यावर जुन्या पानांकडे पाहून निर्णय करू नये. ज्या पानावर शेवाळ चढले ते पुन्हा स्वच्छ होत नाही. ते कात्रीने कापून टाकावे. शेंड्याकडची नवी पाने पाहावीत. तीन-चार आठवड्यांनी ती पूर्ण आकाराची व निर्मळ निघू लागली, म्हणजे मात्रा बरोबर बसली असे समजावे. फिकी, शिरा उठून दिसणारी निघाली, तर लोह अजून कमी पडत आहे.