पाचशे अक्षरांची मर्यादा

युजेन रोच्को या जर्मनीतील प्रोग्रामरने 2016 साली मास्टोडॉन नावाची जी चावडी आंतरजालावर उघडली, तिचे वैशिष्ट्य असे, की तिची मालकी कोणा एकाकडे नाही; ज्याला स्वतंत्र ठाणे मांडावेसे वाटेल त्याने मूळ संहिता उतरवून घ्यावी, ती आपल्या सर्व्हरवर चालवावी आणि इतर ठाण्यांशी दळणवळण ठेवावे. तेथे एका मजकुरास 500 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती अनेकांना जाचक वाटते.

नुसते रंगरूप पालटायचे असल्यास व्यवस्थापकाच्या दालनातच सीएसएस लिहिण्याची तजवीज आहे. मर्यादा मात्र 500ची 2000 करायची म्हटली, की ‘फोर्क’ करणे आले. म्हणजे मूळ दप्तराची हुबेहूब नक्कल आपल्या नावे घेऊन तिच्यात फेरफार करणे आले. फेरफार तो केवढा? मजकुराची लांबी तपासणाऱ्या फाइलीत ‘मॅक्स कॅर्स’ या नावापुढचा एक आकडा! परंतु पूर्वीच्या आवृत्त्यांत तोच आकडा लेखनाच्या चौकटीखाली उरलेली अक्षरे मोजणाऱ्या भागातही निराळा लिहिलेला असे. त्यामुळे केवळ चौकटीतला बदलणाऱ्याच्या ठाण्यावर माणूस निश्चिंतपणे हजार अक्षरे लिहून पाठवी आणि सर्व्हर ती निर्विकारपणे परत करी, तर केवळ सर्व्हरवरचा बदलणाऱ्याकडे आतला धनी उदार असूनही दारावरचा पहारेकरी पाचशेवरच अडवून धरी.

तरीही नक्कल घेणे हे या उद्योगातले सर्वांत सोपे काम होय. अवघड आहे ते नंतरचे, कारण मूळ दप्तर कोणासाठी थांबत नाही. जुलै 2023मध्ये मोझिलाने करविलेल्या तपासणीत मास्टोडॉनमध्ये गंभीर छिद्रे आढळली, ज्यांपैकी एकातून मुद्दाम घडविलेल्या चित्रफितीसारख्या फाइलीच्या द्वारे सर्व्हरवर भलत्याच जागी फाइल निर्माण करता येत असे. दुरुस्ती तत्काळ प्रसिद्ध झाली, पण नक्कलदारांना ती आपल्या दप्तरात स्वतःच मिसळून घेणे भाग होते. एकच ओळ बदललेल्यास हे काम घटकाभराचे. ज्याने हौसेने सर्व फाइलींची मांडणी आपल्या आवडीची केली, त्याच्यापुढे मात्र गिट ही प्रणाली वादग्रस्त मजकुराच्या वर सात कोनचिन्हे, मध्ये सात बरोबरीची चिन्हे आणि खाली पुन्हा सात कोनचिन्हे घालून प्रत्येक तंटा निवाड्यासाठी ठेवते. (अशी हौस मला तरी पदरमोडीचीच वाटते.) ‘ग्लिच-सॉक’ या प्रसिद्ध फोर्कने शहाणपणा केला तो असा, की आपला बदललेला दर्शनी भाग ‘फ्लेवर्स’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवला आणि मूळचा शेजारी तसाच राहू दिला.

नक्कल घेऊन फेरफार करण्याच्या या मुभेची सनदही सशर्त आहे. मास्टोडॉनला लागू असलेल्या एजीपीएल या 2007च्या परवान्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे, बदललेली संहिता जाळ्यावरून लोकांच्या वापरास दिली, की ती बदललेलीच संहिता त्यांना उपलब्ध करून द्यावी लागते. 2021मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने मास्टोडॉनची संहिता ही अट न पाळता वापरली, तेव्हा रोच्को यांच्या बाजूने 30 दिवसांची मुदत देणारे पत्र गेले, आणि नोव्हेंबरात संहितेची झिप फाइल प्रकट झाली. लहान ठाणेदाराची चूक सहसा इतकी हेतुपुरस्सर नसते. मास्टोडॉनच्या पानावर संहितेकडे नेणारा दुवा असतो आणि त्याने कोठे न्यावे हे ‘गिटहब रिपॉझिटरी’ या एका सेटिंगवर ठरते. ते भरायचे राहून गेले, तर 2000 अक्षरांचे ठाणे आल्यागेल्याला 500 अक्षरांचे मूळ दप्तरच दाखवीत बसते.