कापडात मुरलेला रंग

कोऱ्या कॅनव्हासवर प्रायमर न देता पातळ केलेला तैलरंग ओतला की टर्पेंटाइन रंगाच्या पुढे पळतं आणि डागाभोवती तेलकट कडा उमटते. ती कडा एक वेळ चालेल. खरा धोका तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा असतो. ते वर्षानुवर्षं सूत कुजवत राहतं.

चित्रकार हेलन फ्रँकेनथेलरने २६ ऑक्टोबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत हा धोका पत्करला. तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि नोव्हा स्कोशियाचा किनारा नुकताच पाहून आली होती. सुमारे सात फूट बाय दहा फुटांचा कॅनव्हास तिने जमिनीवर अंथरला, कोळशाने चार रेषा मारल्या आणि पातळ तैलरंग ओतले. ‘माउंटन्स अँड सी’ या त्या चित्रात गुलाबी, निळा, हिरवा रंग कापडावर थापलेला नाही, तो कापडात शिरला आहे. पुढच्या वर्षी मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड हे चित्रकार ते पाहायला आले आणि दोघांच्याही कामाची दिशा बदलली.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती अॅक्रिलिककडे वळली. या रंगात रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि रंगद्रव्याला धरून ठेवतात. तेल नाही, त्यामुळे सुताला त्याची बाधा नाही, आणि डागाची कड स्वच्छ येते. पण अॅक्रिलिक थांबत नाही. तैलरंग दोन दिवसांनीही हलवता येतो. अॅक्रिलिक तासाभरात बसलं की बसलं, वर पाणी ओतलं तरी विरघळत नाही. म्हणून ओतण्याआधी किती पातळ, कुठून, किती, हे ठरलेलं असावं लागतं. जमिनीवरच्या कापडाभोवती चारी बाजूंनी फिरत ती ओतायची, स्पंजने किंवा रबरी पट्टीने रंग सरकवायची. वरची बाजू कोणती आणि कडा कुठे कापायच्या, हे पुष्कळदा चित्र झाल्यावर ठरायचं. हा निवाडा मला ओतण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. एक बाजू चार बोटं जास्त ठेवली तरी सगळा तोल बिघडतो.

या पद्धतीची दुखरी बाजूही आहे. डेट्रॉइटच्या संग्रहालयात तिचं १९६३चं ‘द बे’ आहे. २००६मध्ये शाळेच्या सहलीत आलेल्या १२ वर्षांच्या मुलाने त्यावर च्युइंगगम चिकटवला. व्हार्निश लावलेल्या तैलचित्रावरचा डाग वरच्या थरावर राहू शकतो. इथे असा थरच नाही, जे लागेल ते थेट धाग्यात शिरतं. सुदैवाने संवर्धकांना तो डाग काढता आला.

कागदावर हेच अॅक्रिलिक वेगळं वागतं. चित्रकलेच्या चांगल्या कागदाला खळ दिलेली असते, त्यामुळे रंग लगेच आत न जाता वर साचतो, तळी करतो आणि कडेला गडद होऊन वाळतो. फ्रँकेनथेलरने कागद आयुष्यभर हाताळला, आणि उतारवयात मोठे कॅनव्हास अवघड झाल्यावर तर मुख्य काम कागदावरच केलं. २००२पर्यंतच्या त्या चित्रांत एकेक रंग विस्तीर्ण आणि दाट आहे. ती कॅनव्हासची कच्ची टिपणं नाहीत. माझ्या मते तिच्या सर्वोत्तम कामात त्यांना जागा मिळायला हवी.

आपल्याकडे अॅक्रिलिकला अजून तैलरंगाचा स्वस्त, झटपट भाऊ समजतात आणि ट्यूबमधून काढून घट्टच लावतात. ते गैर नाही, पण अर्धंच आहे. चित्र काढणाऱ्यांनी एकदा जेसो, म्हणजे प्रायमर, बाजूला ठेवावा, कोऱ्या कॅनव्हासचा हातभर तुकडा ओला करून जमिनीवर पसरावा आणि दुधाइतका पातळ रंग ओतून बघावा. उरलेला रंग लगेच खळ दिलेल्या कागदावर ओतावा आणि दोन्ही वाळल्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.